तांबडा दिवा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचीही कसलीही वस्तू बिघडली, की पहिली हाक मला येते. कुणाच्या दाराची घंटा वाजत नाही, कुणाचा मिक्सर नुसता गुरगुरतो पण फिरत नाही, कुणाच्या गीझरमधून थंडगार पाणी येतं. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात 36 वर्षं काढली. तेव्हा ज्याला ज्याला तार लावलेली असते ते ते मला समजतच असणार, असा शेजाऱ्यांचा समज आहे. मीही तो फारसा खोडून काढलेला नाही. निवृत्त माणसाला कुणी हाक मारली की बरं वाटतं! पण खरं सांगायचं, तर उभ्या आयुष्यात मला एकच वस्तू नीट समजली, आणि ती म्हणजे तांबडा दिवा. तीही समजली असं मला आपलं वाटत होतं. 2022 सालच्या उन्हाळ्यात हा दिवा माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, दोन महिने पेटलेला होता, आणि मला तो दिसला नाही.

ती हकीगत सांगण्यापूर्वी थोडं रुळांविषयी सांगायला हवं. म्हाताऱ्या माणसाची ही खोड वाचकांनी सहन करावी.

तुम्ही गाडीत बसलेले असता. गाडी मध्येच, रानात, विनाकारण उभी राहते. पुढे ना स्टेशन ना फाटक. नुसता एक तांबडा दिवा. तुम्ही घड्याळ पाहता आणि रेल्वेला मनसोक्त शिव्या देता. (मी स्वतः प्रवासी असलो की मीही देतो.) पण तो दिवा तांबडा का झाला, हे पाहण्यासारखं आहे. रुळांचा एक तुकडा घ्यायचा. त्याची दोन्ही टोकं पुढच्या-मागच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीनं तोडायची. एका टोकाला दोन-अडीच व्होल्टची बॅटरी जोडायची आणि दुसऱ्या टोकाला रिले. वीज एका रुळातून जाते, रिलेतून फिरते आणि दुसऱ्या रुळानं परत येते. तोवर रिलेनं आपला लोखंडी हात वर उचलून धरलेला असतो. आणि तो हात वर आहे तोवरच हिरवा दिवा लागू शकतो. आता गाडी त्या तुकड्यावर आली. गाडीची चाकं आणि आस लोखंडाची. विजेला जवळची वाट मिळते, ती चाकांतूनच परत फिरते, रिले उपाशी पडतो आणि त्याचा हात आपल्याच वजनानं खाली येतो. दिवा तांबडा! विल्यम रॉबिन्सन नावाच्या एका अमेरिकन माणसानं 1872 मध्ये ही युक्ती काढली.

तिच्यातली खरी गंमत पुढेच आहे. गाडी आली तर दिवा तांबडा होतोच. पण बॅटरी उतरली तरी तो तांबडा. तार तुटली तरी तांबडा. रूळ मोडून दोन तुकडे झाले तरी तांबडा. म्हणजे तांबडा दिवा ‘गाडी आहे’ असं म्हणत नाही. ‘गाडी नाही, असं मला खात्रीनं सांगता येत नाही’ एवढंच तो म्हणतो. जुन्या हातवाल्या सिग्नलांतही हेच होतं. केबिनमधून तार ओढली की हात खाली झुकायचा, गाडीला वाट मिळायची. तार तुटली तर वजनाच्या जोरावर हात आपोआप आडवा. जे काम करायला कष्ट पडतात ते ‘जा’ म्हणण्याचं, आणि जे आपोआप घडतं ते ‘थांब’ म्हणण्याचं! माणसांच्या कारभारात बहुधा याच्या नेमकं उलट असतं.

नोकरीला लागून मला तीन वर्षं झाली होती. 1976 चा जुलै. घाटाखालचं एक लहानसं स्टेशन. नाव कशाला सांगू? पाऊस असा, की केबिनच्या पत्र्यावर कुणी खडी ओतत आहे असं वाटावं. रात्री अकराला ट्रॅक फेल झाला. गाडी नाही, घोडा नाही, आणि रिले खाली. आता प्रत्येक गाडी सिग्नलापाशी उभी करायची, ड्रायव्हरला कागद लिहून द्यायचा, आणि मग ती रांगत आत यायची. मागे गाड्यांची रांग लागली. स्टेशनमास्तर एका कानाला कंट्रोलचा फोन लावून मला म्हणाले, “अहो, काहीतरी करा! गाडी नाही हे मला दिसतंय, तुम्हाला दिसतंय. त्या डबड्यालाच दिसत नाही?”

काहीतरी करणं अगदी सोपं होतं. माझ्या खिशात वीतभर तार होती. रिलेला बाहेरून वीज दिली, की त्याचा हात वर, दिवा हिरवा, कंट्रोल खूष. सिग्नल खात्यात याहून मोठं पाप नाही, हे मला शिकवलेलं होतं. पण अकराच्या रात्री, भर पावसात, शिकवलेलं फार लांब असतं. मी तार काढलीसुद्धा. आमचे एक वयस्कर खलाशी होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी कंदील वर धरला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “सायेब, आज तार घालाल. पन उद्या ती काढायची याद कोनाला ऱ्हाईल?”

मी तार खिशात परत ठेवली. रात्रभर कागद लिहून गाड्या घेतल्या.

सकाळी रुळांचे इन्स्पेक्टर आले. त्यांचं म्हणणं, रूळ ठीक, खडी ठीक, तुमचा रिले म्हातारा झालाय. मी नवा रिले बसवला. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग मी मीटर लावून दाखवून दिलं, की चिखलानं भरलेल्या ओल्या खडीतून वीज एका रुळाकडून दुसऱ्याकडे झिरपत होती आणि रिलेपर्यंत पुरेशी पोचतच नव्हती. आम्ही दोघांनी मिळून जॉइंट नोट लिहिली. सह्या करताना मला वाद जिंकल्याचा आनंद झाला होता, तो अजून आठवतो. गँगनं खडी उपसली, धुतली, परत भरली. आठ दिवसांनी पाऊस आला आणि ट्रॅक पुन्हा फेल!

रजिस्टरात पाहाल तर त्या महिन्यात ‘सिग्नलचा बिघाड’ असं चारदा लिहिलेलं सापडेल. पण सिग्नल बिघडला नव्हता. तो बिचारा इमानानं ओरडत होता. खडीही बिघडली नव्हती. एका दुपारी धो धो पावसात मामा इरलं घेऊन पाण्याच्या उलट दिशेनं चालत गेले. मी मागोमाग. रुळांच्या कडेचं गटार तुंबलं होतं, कारण ते कुंपणाबाहेरच्या ओढ्याला मिळत होतं आणि ओढ्याचं तोंडच बुजलं होतं. एका वखारवाल्यानं बैलगाड्या जायला दगड टाकून वाट केली होती, आणि खाली पाण्याला वाट ठेवली नव्हती. ती जागा रेल्वेच्या हद्दीत नव्हती, त्यामुळे ती आमच्या कुठल्याही नकाशात नव्हती. सिग्नलवाल्याची हद्द रिलेपाशी संपत होती, रूळवाल्याची कुंपणापाशी. पाण्याला मात्र हद्द ठाऊक नव्हती. फाइल उघडावी असं ठरत होतं, तेवढ्यात स्टेशनमास्तरांनी वखारवाल्याला बोलावून चहा पाजला. त्याला बिचाऱ्याला काहीच कल्पना नव्हती. चार दिवसांत त्यानं सिमेंटचा पाइप घातला. पुढे मी तिथं असेपर्यंत त्या ट्रॅकनं पावसात कधी हूं की चूं केलं नाही.

मामांच्या त्या एका वाक्याची किंमत मला पुढे बारा वर्षांनी कळली. 12 डिसेंबर 1988 रोजी सकाळी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ भरलेल्या गाडीवर मागून दुसरी भरलेली गाडी आदळली. 35 माणसं गेली. अँथनी हिडन यांनी चौकशी केली, आणि तो अहवाल जगभरच्या सिग्नलवाल्यांनी वाचला. झालं होतं एवढंच, की नव्या जोडण्या करताना एक जुनी तार एका टोकाला सोडवली, पण ती मुळापासून कापली नाही; नुसती वाकवून बाजूला केली. दोन आठवड्यांनी शेजारच्या रिलेवर काम करताना ती हलली आणि आपल्या जुन्या जागी जाऊन टेकली. झालं! रिलेला बाहेरून वीज मिळाली. पुढे गाडी उभी असताना मागच्या गाडीला सिग्नल ‘ये’ म्हणाला.

तार वाकवणारा माणूस सापडला, आणि कुणालाही वाटेल की इथं चौकशी संपली. पण हिडन साहेब आमच्या मामांसारखे पाण्याच्या उलट दिशेनं चालत गेले. त्या माणसानं तेरा आठवड्यांत एकच सुट्टी घेतली होती. तारा वाकवून ठेवण्याची त्याची सवय बरीच वर्षांची. ती चूक आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं काम संपल्यावर दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तारा मोजायला हव्या होत्या. त्या कुणी मोजल्या नव्हत्या, कारण ते आपलं काम आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणजे तार रिलेच्या खोलीत सैल होती, तशीच ती साहेबांच्या कचेऱ्यांतही सैल होती. आपल्याकडे 2 जून 2023 रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मिळाला मुख्य मार्गाचा, आणि रूळ जोडलेले होते बाजूच्या मार्गाला, जिथं मालगाडी उभी होती. 290 हून अधिक माणसं गेली. चुकीच्या जोडणीचा तसाच एक प्रकार त्याच विभागात वर्षभर आधी होऊन गेल्याचं चौकशीत निघालं. ती बातमी ऐकली त्या रात्री मी जेवलो नाही. निवृत्त झालो म्हणून काय झालं?

तर असा मी, हे सगळं जाणणारा. आता घरची हकीगत.

आमच्या सौ.ला रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि दाब ताब्यात होता. 2022 च्या मार्चमध्ये तिची पावलं सुजायला लागली. संध्याकाळी चपला आवळायच्या. ती भाचीच्या लग्नाला गावी गेली, तिथल्या डॉक्टरांनी पावलं पाहिली आणि पाणी काढणारी एक गोळी लिहून दिली. पाय सुजले आहेत, पाणी झालंय, पाणी काढा. यात वावगं काय? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मीठ कमी. तेही बरोबर. त्यात उन्हाळा. मी वर्तमानपत्रात वाचलं, की वयस्कर माणसांनी उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावं. मग मी तिच्या उशाशी तांब्या ठेवला आणि तासातासाला तिच्या मागे लागलो. तेही वर्तमानपत्राप्रमाणे बरोबरच.

एप्रिलमध्ये तिचं विसरणं सुरू झालं. आधी शेजारणीचं नाव. मग दूध गॅसवर ठेवून देवळात निघून जाणं. मग, “आज कोणता वार?” हे सकाळपासून चार वेळा. आवाज मंद, चाल अडखळती. एकदा न्हाणीघरात पडली. नशिबानं हाड वाचलं. मी काय केलं? मी गॅस बंद करू लागलो. तिच्या आधी फोन उचलू लागलो. कुणी आलं की तिच्या वतीनं मीच बोलू लागलो. मुलगा बंगळूरहून विचारायचा, “आई कशी आहे?” मी म्हणायचो, “ठीक आहे रे. वय झालं आता!” नात्यातल्या एकानं सहानुभूतीनं ‘डिमेन्शिया’ हा शब्द उच्चारला, आणि मी तो निमूटपणे मान्य करून टाकला. त्या दिवसापासून तिच्याकडे मी निराळ्या नजरेनं पाहू लागलो, हे लिहिताना मला लाज वाटते.

मे महिन्यातली गोष्ट. दूधवाला हिशोबाला आला. आमच्याकडे दुधाचा हिशोब कालनिर्णयाच्या चौकोनांत असतो. चाळीस वर्षं ती तो लिहीत आली आहे. मी दिनदर्शिका भिंतीवरून काढली आणि चष्मा लावून पाहू लागलो. मार्चचं पान स्वच्छ: एक, एक, दीड, एक. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तसंच. नंतर अक्षर चौकोनाबाहेर जाऊ लागलं. एका चौकोनात दोन आकडे. एकात दोन लिटर, एकात कोरं. शेवटी नुसत्या रेघोट्या. मी खुर्चीत बसलो. माझ्या हातात फेल्युअर रजिस्टर होतं! म्हातारपण असं एखाद्या आठवड्यात येत नाही. मी औषधांची बिलं काढली आणि तारखा लावून पाहिल्या. नवी गोळी सुरू झाल्यापासून बरोबर दोन आठवड्यांनी अक्षर बिघडू लागलं होतं.

दिनदर्शिका, बिलं आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून मी सौ.ला घेऊन एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी कालनिर्णय नीट पाहिला. मग सौ.चं रक्त तपासायला पाठवलं. सोडियम 118 निघालं. ते 135 ते 145 असावं लागतं. त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात ठेवलं.

बाईंनी मला समजावून सांगितलं, आणि मी शाळेच्या मुलासारखं ऐकलं. रक्तदाबाची ती विशिष्ट गोळी बारीक धमन्या सैल करते. दाब उतरतो, पण पुढच्या केसासारख्या नळ्यांतला जोर वाढतो आणि त्यांतलं पाणी पावलांत पाझरतं. म्हणजे अंगात पाणी वाढलेलं नसतं. ते भलत्या जागी गेलेलं असतं. पाणी काढणाऱ्या गोळीनं ती सूज फारशी हटत नाही. खडीत चिखल दिसला म्हणून खडी धुवून काढण्यासारखंच ते! उलट ती गोळी मीठ लघवीवाटे बाहेर लोटते, आणि काही वयस्कर माणसांत, विशेषतः बारीक चणीच्या बायकांत, पाणी मात्र अंगातच राहतं. त्यात जेवणात मीठ कमी. त्यात उशाशी तांब्या. रक्तातलं मीठ पातळ होत होत जातं, पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात. आणि कवटी काही ताणली जात नाही. एका औषधाचा परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध द्यायचं, याला डॉक्टर लोकांत नाव आहे: ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’. धबधब्याच्या पायऱ्या म्हणा ना.

“मग तिला लगेच मीठ द्या!” मी उठूनच उभा राहिलो. “काका, बसा,” बाई म्हणाल्या. “घाई केली तर घात होईल.” मीठ हळूहळू कमी झालं, तेव्हा मेंदूच्या पेशींनी आपल्यातले क्षार बाहेर टाकून स्वतःला कसंबसं सावरलं होतं, त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतलं होतं. आता मीठ एकदम चढवलं, तर त्या पेशी आकसतात आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चोवीस तासांत आठ-दहाच्या वर आकडा चढू द्यायचा नाही. ती गोळी बंद, पाणी बेतानं, सलाइन मोजून, आणि काही तासांनी पुन्हा रक्त. बिघाड कुठं आहे हे कळलं की तो दूर करणं सोपं, असं मी 36 वर्षं मानत आलो होतो. रिलेला घाई चालते, तो लोखंडाचा. माणसाचं शरीर बिघाडाभोवतीही आपला संसार मांडून बसतं, आणि तो संसार मोडतानाही जपून मोडावा लागतो.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी चौकशी समिती बसवली. गावचे डॉक्टर? त्यांनी सुजलेली पावलं पाहिली. नेहमीचे डॉक्टर? त्यांनी दाब पाहिला. दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दिसली नव्हती, कारण ती दाखवणं ज्याचं काम तो मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सगळी पाकिटं ज्या एकाच फडताळात एकत्र येत होती, ते फडताळ माझ्या खोलीत होतं. आणि तारेचं म्हणाल, तर ती मीच घातली होती! गॅस बंद करून, फोन उचलून, “ठीक आहे रे” म्हणून मी रिलेला बाहेरून वीज दिली. तिचा तांबडा दिवा मी हाताने हिरवा करून ठेवला आणि मुलाची, शेजाऱ्यांची, नातलगांची गाडी त्यावरून बिनघोर जाऊ दिली. मामा आता हयात नाहीत. असते तर मी त्यांच्यासमोर उभा राहू शकलो नसतो.

(हे वाचून कुणी आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पाणी काढणारी गोळी कित्येकांचा जीव वाचवते. सगळी पाकिटं पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवा, एवढंच माझं सांगणं.)

चार दिवसांत आकडा हळूहळू चढत 131 वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, “अहो, तुमची दाढी किती वाढलीय!” मी बाहेर जाऊन थोडा वेळ खिडकीशी उभा राहिलो. पुढे रक्तदाबाची गोळी बदलली, आणि पावलांची सूजही आपोआप उतरली.

घरी आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी ती कालनिर्णय मांडीवर घेऊन बसलेली दिसली. एप्रिल आणि मेची पानं उलटसुलट करून पाहत होती. बोटांवर काहीतरी मोजलं, पेन्सिलीनं काहीतरी खोडलं, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“या अठरा तारखेला दोन लिटर कसं? आणि एकोणिसाला पुन्हा दोन? आपण दोघंच तर आहोत!”

“तूच लिहिलं होतंस,” मी म्हणालो.

“मी लिहिलं असेल. मला बरं नव्हतं. पण पैसे कुणी दिले?”

“मी.”

“हिशोब न बघता?”

मी काही बोललो नाही. तिनं पान उलटलं आणि पुढचा चौकोन तपासायला घेतला.